पाय टेकला का एक मार्क

नवागामपासून दिंडोलीपर्यंत ट्रायलची गाडी माझ्यासारखी चालवणारा दुसरा माणूस नव्हता. सगळे मिळून आम्ही दोघंच चालवायचो, आणि तो दुसरा माझ्यापेक्षा चांगली चालवायचा.

ट्रायल म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. नाहीतर लोकांना वाटतं मी लायसनची ट्रायल देऊन राहिलो नि दरवर्षी नापास होऊन राहिलो. ह्या खेळात पळायचं नसतं. जितकं हळू जाल तितकं चांगलं. दगड, खड्डे, सिमेंटचे पाईप, वाळूचे ढीग, म्हणजे शहाणा माणूस जे जे टाळून पुढं जातो, त्याच्यावरूनच मोटारसायकल न्यायची. गाडीला सीट नसते. सगळं उभ्यानं. आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला का एक मार्क. गाडी घेऊन पडला का पाच मार्क. शेवटी ज्याचे मार्क सगळ्यात कमी तो पहिला.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मला भरून आलं. मी चौथीतून शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं म्हणा. गुरुजी माझे मार्क वर्गात मोठ्यानं वाचायचे नि पोरं बाकावर हात आपटून हसायची. कमी मार्कवाल्याला पहिला नंबर देणारा खेळ जगात आहे, हे त्या गुरुजींना कोणी सांगितलं असतं तर आज मी कुठं असतो? इथंच असतो. पण ऐटीत असतो.

खेळ शोधून आणला माझ्या मेहुण्यानं. मेहुणा म्हणजे बायकोचा चुलतभाऊ. तेव्हा आम्ही दोघं एकाच खात्यात कामाला होतो. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. त्यानं मोबाईलवर कुठल्या तरी गोऱ्या माणसाला गाडी घेऊन भिंतीवर चढताना पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत मला दाखवून म्हणाला, "दाजी, हे आपल्याला जमेल."

मी म्हणालो, "भिंत कोणाची आहे?"

भिंत नाही मिळाली, पण दिंडोलीच्या पुढं खाडीच्या कडेला मोकळी जागा मिळाली. पाळा, म्हणजे पाण्याला अडवायचा बांध, तो बांधायला आणलेले दगड तिथं पडलेले होते. पाळा बांधून झाला, उरलेले दगड नेले कोणी नाही. पाईप पण होते. वाळू पण होती. मी एक जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली. गॅरेजवाल्यानं तिची सीट काढली, मडगार्ड कापले, चेनचं मागचं दातेरी चक्कर मोठं टाकलं म्हणजे ती बैलासारखी हळू नि जोरात ओढेल. टायरमधली हवा कमी केली. मी घरी आणली तर बायको म्हणाली, "अर्धी गाडी आणली, अर्धी कुठं ठेवली?"

दोन-तीन वर्षं आम्ही दर रविवारी तिथं पडलो. मला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. आमचा एक ठरलेला पट्टा होता: आधी दोन पाईप, मग वाळूचा ढीग, मग लहान दगडांची रांग, नि सगळ्यात शेवटी एक मोठा काळा दगड. त्याला आम्ही म्हैस म्हणायचो. तो म्हशीसारखा बसलेला होता नि म्हशीसारखाच हटत नव्हता. म्हशीवर चढून दुसरीकडून उतरलं का पट्टा पुरा.

मग मेहुणा इच्छापोरला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागला. त्याची सुट्टी नि माझी सुट्टी जुळेना. मग माझा गुडघा दुखायला लागला. मग मला पोट आलं. ते एकटं आलं नाही, आळसाला सोबत घेऊन आलं. एक रविवार चुकला, मग दुसरा, आणि बघता बघता गाडीवर बायकोची जुनी लाल साडी पांघरलेली होती नि मध्ये सहा-सात वर्षं निघून गेली होती.

गाडी आमच्या पुढच्या खोलीत उभी असायची, दारातून आत आल्यावर उजव्या हाताला, भिंतीला टेकून. दसऱ्याला मी तिला झेंडूची माळ घालायचो, ती माळ पुढच्या दसऱ्यापर्यंत तशीच. एकदा गावाकडून बायकोची एक म्हातारी आत्या आली. दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, लाल साडी पाहिली, माळ पाहिली, नि वाकून नमस्कार केला. मग विचारलं, "कोनती देवी शे व माय?"

बायको म्हणाली, "यासनी देवी शे. नवसले पावत नही."

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. खात्यात हिंदी, दुकानात गुजराती, नि इथं असं लिहायला बसलो का शाळेतली मराठी आठवते. ती चौथीपर्यंतच आठवते, तेवढं सांभाळून घ्या.

तर ह्या वर्षी संक्रांत झाली नि बायकोनं देवीचा विषय काढला. ती घरी साड्यांना स्टोन लावायचं काम करते. मांडीवर साडी घेऊन एक एक खडा चिकटवायचा. शेजारची बाई तिच्या जोडीला बसते. आता लग्नसराईच्या साड्या येणार होत्या, जरदोसीचं पण काम मिळत होतं, पण त्याला खाटली लागते. खाटली म्हणजे लाकडाची चौकट. तिच्यावर साडी ताणून बांधतात नि दोन्ही बाजूंनी बायका बसून सुईनं काम करतात. खाटलीला जागा लागते. आमच्या घरात जागा अशी दोनच ठिकाणी होती. एक गाडीची. दुसरी माझ्या खाटेची.

खाटेबद्दल सांगायला पाहिजे. लोखंडी खाट, खिडकीखाली, पंख्याखाली. हवा तिथं, उजेड तिथं, घरातली सगळ्यात झकास जागा. रविवारी सकाळचा चहा पिऊन मी जो तिच्यावर पडायचो तो संध्याकाळच्या चहालाच उठायचो. मधी जेवायला उठायचो, पण ते उठणं मी धरत नाही, कारण डोळे मिटलेलेच असायचे.

त्या रविवारी पण मी पडलेलोच होतो. बायको म्हणाली, "माले खाटली मांडनी शे. गाडी काढा."

मी म्हणालो, "गाडी काढत नसतात. ती चालवायची गाडी आहे."

"चालवतस का?"

"चालवेन ना."

"कव्हय?"

आता इथं गप्प बसायला पाहिजे होतं. पण पडलेल्या माणसाला लय जोर येतो. मी म्हणालो, "आज पण काढली ना, तर पुरा पट्टा मारीन. एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, एवढेच मार्क पडतील."

तिनं हातातला खडा साडीला चिकटवला, दाबला, फुंकर मारली. मग उजवा हात पंजा उघडून माझ्यासमोर धरला.

"हाऊ एक हात. होळीना आगोदर माले दखाडा. दुसरा हात उघडना पडना, ते गाडी भंगारमा."

शेजारची बाई म्हणाली, "दादा, कबूल करा, आम्ही साक्षीदार." आणि दोघी हसल्या. मी कबूल केलं. माझी गाडी राहणार का जाणार हे असं दोन खडे चिकटवायच्या मधी ठरलं.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही आरशात पाहिलं का एवढ्यात?"

"गाडी म्हशीवर चढवायची आहे, मला नाही."

"गाडीवर तुम्ही राहणार ना पण?"

तरी तो आला. त्याला अशात रविवारची सुट्टी मिळायला लागली होती. त्याची स्वतःची गाडी त्यानं कधीच विकली होती, त्यामुळं माझी भंगारात गेली तर त्याचाही खेळ संपत होता. हे तो बोलला नाही. पण साडी त्यानंच काढली, नि घडी घालून ठेवली.

गाडी गल्लीत काढली. पेट्रोल टाकलं, प्लग साफ केला, क्लचची वायर नवी टाकली. गल्लीतले लोक दारात आले. मी किक मारली. काही नाही. आणखी मारली. मेहुण्यानं मारली. मग दोघांनी मिळून धक्का दिला, नि गल्लीच्या टोकाशी गाडी एकदम खोकली, नि सायलेन्सरमधून धूर नाही निघाला, जर निघाली. सोनेरी जर, लेसचे तुकडे, चमकणारे खडे, कापसाचे गोळे, सगळं भसकन बाहेर. एवढ्या वर्षांत उंदरांनी आत घर केलं होतं, नि बायकोच्या कामातलं जे जे खाली पडायचं ते नेऊन गादी भरली होती. समोरच्या मावशींनी ओट्यावर पापड वाळत घातले होते. त्यांच्यावर सोनं पडलं.

मावशींनी एक पापड उचलला, उन्हात धरला, नि बायकोला हाक मारून म्हणाल्या, "ले, तुझं काम झालेलं आहे."

खाडीवरची जागा तशीच होती. दगड तसेच, म्हैस तशीच. मीच तसा नव्हतो. पहिल्या रविवारी मी गाडी चालू करायच्या आधीच पडलो. फूटरेस्टवर उभं राहून नुसता तोल धरायचा, गाडी जागच्या जागी उभी, हा पहिला धडा असतो. पूर्वी मी असा उभा राहून बिडी पेटवायचो. आता मी चढलो, पोट टाकीवर टेकलं, टाकी डावीकडं गेली नि मी तिच्या मागं गेलो. मेहुणा बाजूला उभा होता. त्यानं घड्याळात पाहिलं नि म्हणाला, "पाच मार्क. अजून पट्टा सुरू नाही झाला."

दुसऱ्यांदा गाडी चालू होऊन पडलो. ही प्रगती होती.

पण अंग विसरत नाही म्हणतात ते खरं आहे. डोकं विसरतं, पोट विसरायला लावतं, पण बोटं विसरत नाहीत. क्लचवर एकच बोट ठेवायचं, पुढच्या चाकाकडं पाहायचं नाही, जिथं जायचं तिथं पाहायचं, हे सगळं एक एक करून परत यायला लागलं, जसा रुसलेला माणूस आधी दारापर्यंत येतो, मग आत येतो. मेहुणा समोर उलटा चालायचा नि हातानं सांगायचा. तोंडानं नाही. आम्हा लूमवाल्यांची ती सवय आहे. खात्यात आवाज एवढा असतो का बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तर आम्ही सगळं हातानं नि ओठांनी बोलतो. पंजा खाली दाबला का हळू. मूठ धरली का थांब. चहा कधी येतो, मुकादमाचं डोकं ठिकाणावर आहे का नाही, ते सगळं हातानं सांगता येतं. त्यामुळं गाडीच्या फटफटीत आमचं काही अडायचं नाही.

लूमनं आम्हाला अजून एक सवय लावली आहे, ती पण इथंच सांगून ठेवतो. खात्यात लाईट गेली का सगळ्या लूम एकदम थांबतात. कान दुखतील एवढी शांतता होते. पण लूमचं हँडल चालूच राहिलेलं असतं. तसंच ठेवलं नि लाईट परत आली तर सगळ्या लूम आपोआप एकदम सुटतात, तार तुटते, धोटा उडतो, कोणाचा हात आत असला तर हात जातो. म्हणून आवाज बंद झाला का कारीगरानं सगळ्यात आधी काय करायचं, तर फटका मारून हँडल पाडायचं. घाम नंतर पुसायचा. हे इतकी वर्षं केलं का ते हाताचं हात करतो, आपल्याला विचारत नाही. घरी पंखा बंद पडला तरी माझा उजवा हात सटकन बाहेर जातो. असा मी एकदा ताटातून वरणाची वाटी उडवली आहे. बायको लाईट जायच्या टायमाला माझ्या उजवीकडं बसत नाही.

तर रविवार मागून रविवार मी खाडीवर जायला लागलो. सकाळी चहा पिऊन निघायचो, दुपार कलली का अंगाला माती लावून परत यायचो. घरी आलो का एक गोष्ट दिसायची. माझी खाट भिंतीला उभी केलेली असायची, नि खिडकीखाली सगळीकडं साड्या पसरलेल्या, मधी बायको नि शेजारीण, पंखा जोरात. मला पाहिलं का त्या उठून साड्या आवरायच्या नि खाट खाली टाकायच्या. मला वाटायचं, वा, धनी थकून आला तर किती काळजी. उशीवर एक-दोन खडे राहिलेले असायचे, ते गालाला टोचायचे. मी काही बोलायचो नाही. माणसानं थोडं सहन करावं.

होळीच्या आदल्या रविवारी परीक्षा. मी खात्यात कोणाला सांगितलं नव्हतं, पण मी मेहुण्याला व्हिडिओ कॉलवर ओठ हलवून सांगत होतो ते समोरच्या लूमवरच्या कारीगरानं वाचलं. खात्यात गुपित ठेवायचं असेल तर तोंड झाकून बोलावं लागतं. त्यामुळं चार कारीगर येऊन दगडांवर बसले होते, वडापाव घेऊन. बायको शेजारणीबरोबर रिक्षातून आली. पट्ट्याबाहेरच्या एका पाईपावर पदर टाकून बसली. उजवा हात वर धरला, मूठ बंद. म्हणजे शून्य.

मेहुणा माझ्याजवळ आला नि हळूच म्हणाला, "दाजी, ताईकडं पाहू नका. पाहिलं का संपलं. नुसतं पुढं पाहा."

"मी कशाला पाहू? लग्न झाल्यापासून पाहूनच राहिलो."

"तेच सांगून राहिलो."

मी निघालो. पहिला पाईप असा चढलो नि उतरलो का मलाच शंका आली, हे कोण चालवून राहिलं. दुसऱ्या पाईपावर मागचं चाक घसरलं, डावा पाय टेकला. एक. बायकोच्या हाताचं एक बोट उघडलं असणार, मी पाहिलं नाही. वाळूच्या ढिगावर गाडी रुतायला लागली, मेहुण्यानं पंजा वर उडवला, म्हणजे रेस दे. मी दिली, गाडी उसळली, नि ढिगाच्या पलीकडं उतरताना परत डावाच पाय. दोन. तो पाय सासुरवाडीला आल्यासारखा सारखा खाली बसायला पाहत होता.

लहान दगडांच्या रांगेत मला मजा यायला लागली. खरं सांगतो, एवढ्या वर्षांत मला अशी मजा आली नव्हती. गाडी एका दगडावरून दुसऱ्यावर जायची, गुडघे आपोआप वाकायचे, इंजिनचा आवाज असा हळू, तुप तुप तुप, चुलीवर काही तरी शिजत असल्यासारखा. कारीगरांनी वडापाव खायचे थांबवले होते. मधी एकदा उजवा पाय टेकला. तीन. रांगेच्या शेवटी वळताना परत एकदा. चार. आणि समोर म्हैस.

म्हशीवर चढायचं म्हणजे पुढचं चाक उचलून तिच्या छातीवर ठेवायचं, मग सगळं अंग पुढं फेकायचं, म्हणजे मागचं चाक हलकं होऊन वर येतं. माझ्याकडं फेकायला अंग भरपूर होतं. हा पोटाचा पहिला नि शेवटचा फायदा. पुढचं चाक गेलं, मी अंग फेकलं, मागचं चाक खरवडत आलं, नि मी वर. दोन्ही पाय फूटरेस्टवर, गाडी म्हशीच्या पाठीवर उभी, इंजिन चालू. वरून खाडी दिसत होती, पलीकडं खात्यांचे पत्रे दिसत होते, लांब मालगाडी जात होती. मेहुणा माझ्या उजव्या हाताला, म्हशीला लागून असलेल्या दगडावर उभा होता, पडलो तर धरायला. पंजा खाली दाबत होता. हळू, हळू. आता फक्त उतरायचं होतं. एक मार्क अजून शिल्लक होता.

आणि मी बायकोकडं पाहिलं.

मला तिचा हात पाहायचा होता. चार बोटं उघडी, अंगठा आत. हे मला माहीत होतं, तरी पाहायचं होतं, नि तिला दाखवायचं होतं का बघ, मी पाहून राहिलो. त्या नादात क्लचवरचं बोट ढिलं पडलं. गाडी एक आचका देऊन बंद झाली.

आवाज बंद झाला.

पुढं काय झालं ते मी केलं नाही, हातानं केलं. हँडलबार सोडून उजवा हात सटकन बाहेर गेला नि हँडल पाडायला त्यानं जोराचा फटका मारला. तिथं हँडल नव्हतं. तिथं मेहुण्याचा कान होता. मेहुणा एकीकडं, गाडी दुसरीकडं, नि मी म्हशीच्या पाठीवरून सरकत पोटावर खाली, जसा हंड्यावरून ओघळ खाली येतो.

मग दगडावर बसलेल्या कारीगरांतला एक म्हणाला, "लाईट आली का रे?" नि ते सगळे जे हसायला लागले ते एकमेकांवर पडून हसायला लागले. मी उठून तोंडातली वाळू थुंकली, म्हणालो, हसा, हसा. तेव्हा मला दिसलं. चौघांचेही वडापाव खाली मातीत पडलेले होते. इंजिन बंद पडलं तेव्हा त्यांचे पण हात सुटले होते. एकाच्या फटक्यानं चटणीची पुडी शेजारणीच्या चपलेपर्यंत गेली होती.

मेहुणा कान चोळत म्हणाला, "दाजी, लूम बंद झाली. आता बसा खाली."

मी पाईपाकडं पाहिलं. बायकोनं दोन्ही हात वर धरले होते. एकाची पाच बोटं, दुसऱ्याची चार. लहान पोराला पाढे शिकवतात तशी धरली होती, मला नीट मोजता यावं म्हणून. मग पदर झटकला नि दोघी रिक्षात बसून निघून गेल्या.

गाडी मी ढकलत घरी आणली. चालू होत होती, पण मला तिच्यावर बसायला कसंतरी झालं. मेहुणा सोबत चालत होता. तो म्हणाला, "भंगारात नका देऊ. माझ्या घरी ठेवू."

मी म्हणालो, "तुझ्या घरी तू कुठं राहशील मग?" कारण त्याची खोली मी पाहिलेली आहे. तिच्यात गाडी आली तर तिथं राहणाऱ्या तिघांतल्या एकाला बाहेर झोपावं लागलं असतं.

तो थोडा पुढं जाऊन म्हणाला, "पण चार मार्कात म्हशीवर गेले होते तुम्ही. मी पण गेलो नसतो चार मार्कात."

त्याचा कान लाल होता, तरी तो हे बोलला. मी गाडी ढकलत राहिलो. मनात मी तिचा निरोप घेऊन टाकला होता. टाकीवरून हात फिरवला, तो काळा झाला, पँटला पुसला.

गल्लीत आलो तर आमच्या दारासमोर काहीतरी उभं होतं. जवळ गेल्यावर कळलं, ती माझी खाट होती. माझी लोखंडी खाट, बाहेर, भिंतीला उभी, गादी वर दुमडून टाकलेली. उशी गादीच्या वर.

आत पाहिलं. खिडकीखाली, पंख्याखाली, नवीकोरी खाटली मांडलेली होती. एक लाल साडी तिच्यावर ताणून बांधलेली होती. गाडीवर पांघरायचो ती नाही, चांगली, नवरीची. एका बाजूला शेजारीण, एका बाजूला बायको, दोघी सुई घेऊन बसलेल्या, जशा काही वर्षानुवर्षं तिथंच बसत आल्या आहेत. दारातून आत उजव्या हाताची गाडीची जागा झाडून घेतलेली होती. रिकामी.

मी गाडी धरून दारात उभा. मला काही कळेना. म्हणालो, "भंगारवाला?"

बायको सुईवरची नजर न काढता म्हणाली, "सकाय ई ऱ्हायना तो. खाट लई जाई."

"खाट? अन् गाडी?"

"मांडी ठेवा तठे."

"पण दुसरा हात उघडला ना."

तेव्हा तिनं वर पाहिलं. माझ्या तोंडावर वाळू होती, मेहुण्याचा कान सुजलेला होता, गाडीच्या क्लचच्या दांडीला गवत लटकलेलं होतं. शेजारणीनं ओठ दाबून धरले होते.

बायको म्हणाली, "गाडी ऱ्हाऊ द्या. ती भितले टेकीसन गुपचूप उभी ऱ्हास. तिनी अडचन नही शे. ऐतवारले दिनभर तुम्ही घरमा पडी ऱ्हातस ना, ती अडचन शे."